पट्टी उतरल्यावर: एका नव्या अल्बमचं पाच जणांनी काय केलं

पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवादक-गायक डेव्हिड गिल्मोर याचा 'लक अँड स्ट्रेंज' हा अल्बम ६ सप्टेंबर २०२४ला, शुक्रवारी आला. आमच्याकडे त्या दिवशी हरतालिका होती. पोळा होऊन चार दिवस झाले होते, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल अजून ओसरीतच पडले होते आणि सलग पावसानं अडाण नदीच्या काठची सोयाबीन पाण्यात उभी होती. त्या रात्री नऊच्या सुमारास दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात, कृषी केंद्राच्या मागच्या गोदामात, खताच्या थप्प्यांमध्ये जागा करून पाच जण बसले आणि तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. पाचातला एक मी.

त्या रात्रीपासून कपाशीच्या पहिल्या वेचणीपर्यंत आम्ही या अल्बमबद्दल जे बोललो ते मी वहीत टिपत गेलो. जुन्या कलाकाराचं नवं काम आलं की 'चाहत्यांना आवडलं' किंवा 'चाहते निराश' असं एका ओळीत सांगून मोकळं होण्याची पद्धत आहे. मला ती कधीच पटली नाही. आवडणं-नावडणं कशातून तयार होतं, कुठे अडतं आणि कशानं सुटतं, हे एकाच ठिकाणी, ओळखीच्या माणसांत शेवटपर्यंत पाहावं असं वाटलं. माणसं पाचच आहेत, पण त्यांच्या कानांचा इतिहास मला ठाऊक आहे.

आधी तो इतिहास. आमच्यातले चौघं १९८७ ते १९९०च्या काळात अमरावतीला शिकत होतो. होस्टेलवर कुणीतरी पिंक फ्लॉइडच्या कॅसेटा आणल्या, त्या उतरवून घेतल्या गेल्या आणि सुटीत मूर्तिजापूरला गाडी बदलून, शकुंतला रेल्वेच्या बाकावर पिशवीत ठेवून, दारव्ह्याला आल्या. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायची आणि दोन बाजूंना दोन अल्बम उतरवायचे, हा हिशोब. १९७३चा 'डार्क साइड ऑफ द मून' आणि १९७५चा 'विश यू वेअर हिअर' पंचेचाळीस मिनिटांच्या आत बसायचे. १९८७चा 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन' मात्र एकावन्न मिनिटांचा होता. त्यातलं शेवटचं गाणं जवळपास नऊ मिनिटांचं, आणि आमच्या कॅसेटवर ते अडीच मिनिटांतच तुटायचं. त्या गाण्याची सुरुवात गिटारच्या लांबलचक गडगडाटानं होते. म्हणजे कितीतरी वर्षं आमच्या लेखी ते गाणं म्हणजे गिटार, मग जेमतेम चार ओळी, मग खट्टकन बटण वर. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. आम्हाला गिल्मोर भेटला तो असा, आवाजाआधी गिटार म्हणून.

चौघांपैकी एकानं पुढे कृषी केंद्र टाकलं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तो गिटार वाजवायचा. आता गावच्या भजन मंडळात पेटी वाजवतो. दुसरा वायरमन. तिसरा शेतकरी, कपाशी आणि सोयाबीनवाला, ट्रॅक्टरवर गाणी ऐकणारा. चौथा मी, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणारा. पाचवी शेतकरी मित्राची मुलगी, यवतमाळला बी.एस्सी. करणारी, सणाला घरी आलेली. ती आम्हा तिघांना काका म्हणते. पिंक फ्लॉइड तिनं बापाच्या ट्रॅक्टरवरच ऐकलं होतं.

अल्बमची थोडी ओळख हवी. गिल्मोरचा जन्म ६ मार्च १९४६चा, म्हणजे हा अल्बम आला तेव्हा तो ७८ वर्षांचा होता. आधीचा अल्बम २०१५चा. नऊ वर्षांचं अंतर. बहुतेक गाण्यांचे शब्द त्याची पत्नी पॉली सॅमसनचे आहेत, आणि विषय घुमूनफिरून म्हातारपणाचा, मरणाचा, उरलेल्या दिवसांचा आहे. निर्मितीसाठी त्यानं सोबतीला चार्ली अँड्र्यू घेतला. हा तरुण पिढीच्या बँडांबरोबर काम केलेला माणूस, पिंक फ्लॉइडच्या इतिहासाचं कुठलंही ओझं नसलेला. इथे गिटारचा तुकडा कशाला हवा, प्रत्येक गाणं शेवटी हळूहळू विरत का जातं, ते सरळ थांबू शकत नाही का, असं तो विचारायचा, हे गिल्मोरनं स्वतः आनंदानं सांगितलं आहे. ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. गोदामात त्या रात्री मात्र कुणी कुणाला पहिला क्रमांक देत नव्हतं.

पहिली रात्र

सुरुवातीचा 'ब्लॅक कॅट' हा नुसत्या वाद्यांचा तुकडा. गिटार आली तसा दुकानदार पुढे सरकून बसला. दीड-दोन मिनिटांत तुकडा संपला तेव्हा तो म्हणाला, "आता सुरू झालं नाई का!" पुढे शीर्षकगीत आलं, गिल्मोर गायला लागला आणि आमच्या मित्राचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आवाज जाडसर, थोडा घोगरा, श्वास ऐकू येणारा. ओळी लहान लहान. गिटार येते, सांगायचं ते सांगते आणि बाजूला होते. कानांनी जो डोंगर धरून ठेवला होता, तो काही आला नाही.

संपल्यावर सगळ्यात आधी तोच बोलला. "हा तो नाई राह्यला आता. आवाज पाह्य ना कसा बसला. मानसानं योग्य टाइमावर थांबाले पाह्यजे." शेतकरी मित्राला अल्बम झोपाळू वाटला. वायरमन काही बोलला नाही. त्याचं म्हणणं, हेडफोन लावून एकट्यानं ऐकल्याशिवाय मत देत नसतो. मी वहीत लिहिलं होतं, "चांगला, पण जुन्यासारखा नाही." आज ते वाचताना लाज वाटते. त्या वाक्यात अल्बमबद्दल एकही शब्द नाही.

मुलीला मधलं एक गाणं लागलं होतं, 'बिटवीन टू पॉइंट्स'. ते गिल्मोर गातच नाही. त्याची मुलगी रोमनी गाते आणि हार्पही तीच वाजवते. गाणंही मुळात त्यांचं नाही. द माँटगॉल्फिअर ब्रदर्स या इंग्लिश जोडीचं आहे. यावरून गोदामात थोडी बाचाबाची झाली. दुकानदार म्हणाला, आपण गिल्मोर ऐकायला बसलो की त्याचं खटलं? पोरगी गाते, बायको शब्द लिहिते, शेवटच्या गाण्याच्या शब्दांत पोरगाही आहे. घरचाच कारभार. मुलगी एवढंच म्हणाली, "काका, गानं चांगलं हाये का नाई ते सांगा ना." त्यावर काकांनी उत्तर दिलं नाही.

पट्टीचा मुद्दा

खरा फाटा फुटला तो चार-पाच दिवसांनी, आणि गाण्याच्या बैठकीत नाही.

महालक्ष्म्या बसल्या होत्या. गणपतीपुढे भजन होतं. आमच्याकडचं भजन म्हणजे खंजिरीचं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) ते विदर्भात असं रुजवलं की खंजिरी नाही असं गाव सापडणं अवघड. हवा ओली होती, खंजिरीचं चामडं ढिलं पडलं होतं, म्हणून पोरं ती चुलीच्या धगीवर धरून ताणून आणत होती. आमचे भजनी बुवा पंच्याहत्तरीच्या पुढचे. त्यांचा आवाज मी लहानपणापासून ऐकतो. एके काळी ते काळी चारमध्ये गायचे आणि पारावरचं भजन नदीपलीकडे ऐकू जायचं. आता काळी दोन, म्हणजे पट्टी खाली आली. अंतरा वर जायला लागला की बुवा हात करतात आणि मागचे झीलकरी ती ओळ उचलतात. त्यात बुवांचा मुलगा आहे, नातूही आहे. बुवा तेवढ्यात श्वास घेतात आणि पुढच्या कडव्याला परत पुढे होतात. याला गावात कुणी उणं समजत नाही. बुवा गातात, एवढंच समजतात.

पेटीवर आमचा दुकानदार मित्रच होता. भजन संपलं, प्रसाद झाला, खंजिऱ्या पिशवीत गेल्या आणि आम्ही मांडवाबाहेर चहाला उभे होतो. वायरमन सहज बोलावं तसं म्हणाला, "बुवासाठी पेटी काळी चारवरून काळी दोनवर कोनं आनली? तूनंच ना? तवा तं नाई म्हनला, बुवानं थांबाले पाह्यजे."

दुकानदार म्हणाला, "बुवाचं वेगळं हाये. बुवा आपले हायेत."

"अन् हा परका हाये, तं पस्तीस वर्सं कोनाची कॅसेट वाजवून रायलो होतो आपन?"

तो विषय तिथेच थांबला. कुणी हरलं-जिंकलं नाही. पण या प्रकरणाचा गाभा मला तिथेच दिसतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

माणूस एकच, कान तेच. मांडवात तो म्हाताऱ्या गळ्यासाठी स्वतःची बोटं सरकवतो आणि गोदामात म्हाताऱ्या गळ्याला दोष देतो. यात ढोंग नाही. मला वाटतं कारण संगीताच्या घडणीतच आहे. भजनात 'सा' कुठे धरायचा ते गाणाऱ्याचा गळा ठरवतो. चाल तीच राहते, पट्टी माणसाबरोबर खाली येते. मूळ गाणं असं कुठे साठवलेलं नसतंच. आज बुवा गातील ते मूळ. रॉकचं उलट आहे. तिथे रेकॉर्ड हेच मूळ. १९७३ किंवा १९७९मध्ये टेपवर जे उमटलं त्याची पट्टी, त्याची लय, गिटारच्या तुकड्यातली प्रत्येक ओढ ऐकणाऱ्याच्या कानात कायमची ठरून जाते. गाणारा म्हातारा होतो, रेकॉर्ड होत नाही. चाहत्याची निष्ठा माणसापेक्षा त्या ठशाशी जडते, आणि माणूस नव्यानं पुढे आला की तो त्या ठशाशी जुळतो का, एवढंच तपासलं जातं.

आमच्या बाबतीत तो ठसाही अर्धाच होता. गिटारचा गडगडाट आणि खट्ट.

यात गिल्मोरवर होणारा अन्यायही मला तेव्हाच नीट दिसला. या अल्बममधली गाणी त्यानं आताच्या गळ्यासाठी केली आहेत. जुनी पट्टी गाठायचा आटापिटा त्यात नाही. वय वाढलं की वरचे स्वर आधी जातात, दम आखूड होतो. तो आखूड दम धरूनच ओळी बांधल्यासारख्या वाटतात. मुलीचा आवाज मध्ये येतो तो झीलकऱ्यासारखा येतो. दोघांनी एकत्र गाण्याची सवय २०२०च्या टाळेबंदीत जमली; घरात बसून ते लोकांसाठी गात होते. दुकानदाराला जो घरचा कारभार वाटला, तोच बुवांच्या मागे रोज उभा असतो आणि त्याला हा स्वतः पेटीवर साथ देतो. मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हाव, पन बुवाचा नातू अल्बम नाई काढत." हेही खरं आहे. अल्बमचे पैसे पडतात, त्याला नाव असतं, तिथे अपेक्षा ठेवायचा चाहत्याला हक्क आहे. मी तो मुद्दा वहीत जसाच्या तसा ठेवला.

१५ सप्टेंबर

दुसरी बैठक वायरमननं लावली, रविवारी. तारीख त्यानं मुद्दाम धरली होती. पिंक फ्लॉइडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट १५ सप्टेंबर २००८ला गेला. अल्बमच्या शीर्षकगीतात राइट आहे. २००७मध्ये गिल्मोरच्या शेतघरातल्या कोठारात काही जण नुसतेच वाजवत बसले होते, ते टेपवर राहिलं होतं. सतरा वर्षांनी त्यावर गाणं उभं केलं गेलं. अल्बमच्या वाढीव भागात ते मूळ कोठारातलं वाजवणंही आहे, जवळपास चौदा मिनिटांचं.

वायरमन रात्रपाळीला हेडफोन लावून ते चौदा मिनिटांचं आधी ऐकून आला होता. त्यानं आम्हाला उलट्या क्रमानं ऐकवलं. पहिल्यांदा कोठारातलं, मग तयार गाणं. या क्रमानं फार फरक पडतो. कोठारातल्या तुकड्यात कुणालाच कुठे पोचायचं नाही. गिटार एक साधा फेरा धरते, राइट त्यात दोन-चार सूर सोडतो, थांबतो, परत सोडतो. पेटी वाजवणाऱ्याला हे लगेच कळलं. दुकानदार डोळे मिटून ऐकत होता आणि मध्येच म्हणाला, "हा मानूस जागा देते." साथ करणाऱ्याबद्दल आमच्याकडे याहून मोठी पावती नाही. मग तयार गाणं लावलं. तेच सूर, आता शब्दांखाली. वाजवणारा सोळा वर्षांपूर्वी गेलेला, गाणारा अठ्ठ्याहत्तरचा. गोदामात कुणीच बोललं नाही. पहिल्या रात्री 'बसलेला' वाटलेला आवाज त्या दिवशी मला बसलेला वाटला नाही. गेलेल्या मित्राशी बोलायला जेवढा आवाज लागतो तेवढाच वाटला.

ऐकण्याच्या साधनाबद्दलही एक गोष्ट त्या दिवशी उघडी पडली, आणि चाहत्यांच्या भांडणात ती कुणी धरतच नाही. शेवटचं गाणं 'स्कॅटर्ड' हृदयाच्या ठोक्यासारख्या आवाजानं सुरू होतं. 'डार्क साइड'ची सुरुवात ज्यानं होते तोच ठोका जणू एकावन्न वर्षांनी परत येतो. वायरमन म्हणाला, हे ऐकून अंगावर काटा आला. शेतकरी मित्राला काहीच कळेना. त्याच्या म्हणण्यानं असा ठोका गाण्यात नाहीच. तो मोबाइलच्या स्पीकरवर, तेही ट्रॅक्टर चालू असताना ऐकत होता. मोबाइलचा इवलासा स्पीकर इतका खालचा आवाज काढूच शकत नाही. ज्या ठोक्यावर सगळं गाणं उभं आहे तो त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता, आणि गाणं झोपाळू असल्याचा निकाल मात्र लागला होता. हेडफोन लावून दिल्यावर त्यानं सुरुवात तीनदा ऐकली.

'नशीब' या शब्दाचं

शेतकरी मित्राला शेवटी धरून ठेवलं ते शीर्षकगीतानंच, पण सुरांमुळे नाही. मुलीनं त्याला शब्दांचा अर्थ सांगितला. महायुद्ध संपल्यावर जन्मलेल्या पिढीचं भाग्य, तिला मिळालेली शांतता आणि सुबत्ता, आणि ते दिवस म्हणजे कायमची स्थिती होती की मधलीच एक सुखाची झुळूक, अशी काहीशी शंका त्या गाण्यात आहे.

तो बराच वेळ गप्प होता. मग आपल्या बापाबद्दल बोलायला लागला. सरकारनंच कापूस घ्यायची एकाधिकार खरेदी योजना १९७२ला आली तेव्हा हा लहान होता. बाप बंडीत कापूस भरून केंद्रावर जायचा, दोन-दोन दिवस रांगेत, बंडीखालीच झोपायचा. चुकारा उशिरा मिळायचा, पण भाव काय मिळणार हे घरून निघतानाच ठाऊक असायचं. याच्या हाती शेती आली तोवर ते सगळं संपत आलं होतं. २००२ला बीटी कपाशीचं बियाणं आलं, बियाण्याचा खर्च वाढला, भाव रोजचा रोज. तो म्हणाला, "आमच्या बापाले वाटे हे असंच राहीन. त्या गान्यातल्या मानसाले बी तसंच वाटलं असन." दूरच्या देशातल्या, पैशाअडक्यानं संपन्न माणसाच्या गाण्यात त्याला बापाचा भ्रम सापडला. जुन्या पिंक फ्लॉइडशी तुलना करत बसला असता तर हे त्याच्यापर्यंत आलं नसतं. त्याला गिटार किती मिनिटं वाजली याच्याशी देणंघेणं नव्हतंच. गाण्यात काय म्हटलंय हे त्याला पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं. चाहता म्हणून पस्तीस वर्षं आणि शब्द कळले आता, हे आमच्यातल्या चौघांनाही लागू आहे. इंग्रजी शब्द आम्ही सुरांसारखेच ऐकत आलो.

सीतादहीपर्यंत

दसरा उलटला. मित्राच्या शेतात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा झाली, पहिली वेचणी लागली. त्या आठवड्यातली माझी शेवटची नोंद आहे.

वायरमनला अल्बम पूर्ण पसंत. मुलगी 'बिटवीन टू पॉइंट्स'वरच आहे. ती ते आता स्वतः गुणगुणते आणि मूळ गाणंही शोधून ऐकून आली. मूळ तिला जास्त एकटं वाटतं, हे तिचं मत मला ऐकल्यावर पटलं. शेतकरी मित्र पाच-सहा गाणी मानतो, बाकीची सोडून देतो. माझं म्हणाल तर चार्ली अँड्र्यूनं विचारलेल्या प्रश्नांमुळेच हा अल्बम उभा राहिला असं मला वाटतं. जिथे कुणी नकार द्यायला नसतं तिथे मोठा कलाकार स्वतःचीच नक्कल करू लागतो. पण एप्रिलमध्ये सगळ्यात आधी आलेलं 'द पायपर्स कॉल' मला अजूनही या अल्बममध्ये थोडं उपरं वाटतं. आणि एक मिनिटही पुरतं न चालणारा 'वीटा ब्रेविस' आणखी दोन मिनिटं हवा होता, अशी माझी तक्रार आहे. 'आयुष्य थोडं' असा त्या नावाचा अर्थ असला तरी.

दुकानदार मित्र पूर्ण फिरला नाही. गिटार कमी आहे हे त्याचं म्हणणं कायम आहे, आणि कमी आहे हे खरंच आहे. आवाजाबद्दल मात्र तो आता बोलत नाही. कोजागिरीच्या भजनाआधी मी लवकर पोचलो तेव्हा तो एकटाच पेटीपाशी होता. कोठारातल्या त्या वाजवण्याचा फेरा तो काळी दोनमध्ये बसवून पाहत होता, भाता अगदी हळू ओढत. उजव्या हाताचं जमत होतं. राइट जिथे थांबतो ती जागा काही त्याच्या हाती येत नव्हती. बुवा आले, पाय धुऊन बसले, क्षणभर ऐकलं आणि म्हणाले, "हे कोनाचं?"

तो म्हणाला, "एका इंग्रजाचं हाये, बुवा. गेला तो."

बुवांनी खंजिरी मांडीवर घेतली आणि त्याला आणखी एकदा वाजवायला सांगितलं.